ओकोरो सरांसमोरची थोबाडीत

लोहगाव विमानतळावर बाबांनी चिवड्याचा डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, ‘परक्या मुलखात कुणी डिवचलं तर मान खाली घाल आणि चालू लाग.’ हल्ली पोटामुळे मान फारशी खाली जात नाही, पण इथे परदेशात, क्लोनडॉकिन गावात अकरा वर्षं मी ती इमानेइतबारे घालतोय. पोराला, चिन्मयलाही तेच शिकवलं.

मार्चमध्ये तो ओठ सुजवून, अर्धा दात तोडून घरी आला. फुटबॉल, म्हणाला. मी हळद लावली आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला: आमचा खेळाडू. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गशिक्षकांनी, ओकोरो सरांनी, बोलावून घेतलं. लहानपणी लागोसहून आलेले, शाळेतले एकमेव काळे शिक्षक. सप्टेंबरमध्ये ‘वर्ग बदलून मिळेल का’ अशी गोड ईमेल मीच पाठवली होती. कारण लिहिलं नव्हतं. तुम्हाला सांगायला नको.

सर म्हणाले, पार्कात तिघांनी चिन्मयला पाडलं. एकाने छातीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने बुटाखाली बोटं चिरडली, तिसरा ‘गो होम’ म्हणत तोंडावर लाथा घालत होता. चिन्मयने हे फक्त सरांना सांगितलं, कारण सरांच्या भुवईवरचा व्रण त्याच पार्कातला.

आणि मी काय केलं? आपल्याकडे मास्तरांसमोर पोराला एक ठेवून दिली की बाप जबाबदार ठरतो. खोटं बोलला म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली. ओठ पुन्हा फुटला, वहीवर रक्त सांडलं. दुसऱ्यांदा हात उगारला तो सरांनी हवेतच धरला. मनगट आठवडाभर ठणकत होतं.

‘चौथे तुम्ही होऊ नका,’ ते हळूच म्हणाले.

सर रजेवरच्या बाईंच्या जागी आलेत, जूनमध्ये जातील. गाडीत चिन्मयने विचारलं, ‘इफ ही गोज, हू डू आय टेल?’ ‘मला’ असं म्हणणार होतो, पण त्याचा गाल अजून लाल होता.

म्हणून शाळेला पत्र लिहिलंय: ओकोरो सरांना ठेवा, आणि असे आणखी आणा. आमच्या एवढ्या काळ्यासावळ्या पोरांना असा एकच माणूस पुरत नाही. त्या ईमेलमागचं कारणही त्यात लिहिलं. बायको म्हणाली, तेवढं गाळ. गाळलं नाही.

घरची आठवण येते का, असं तुम्ही दर रविवारी विचारता. मार खाल्ल्याचं पोरगं जिथे सांगतं, ते घर. सध्या ते सरांच्या वर्गात आहे. आमच्याकडे तो जेवायला आणि झोपायला येतो.