शेठच्या नाकातला नमुना

सूड घ्यायचा तर हातात माइक असताना घ्यावा, हे मला आमच्या मराठी मंडळाने शिकवलं.

मी जनावरांचा डॉक्टर. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो आणि जवळच मुसाफ्फात एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी करतो. जनावरांचे आजार माणसांत उतरताहेत का, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. एरवी उंट आणि बकऱ्या. पण मंडळातल्याच एका बड्या व्यापाऱ्याने शहराबाहेरच्या फार्मवर मिंक आणले. मिंक म्हणजे मुंगसाच्या चणीचा, अंगावर महागडी फर असलेला थंड देशातला प्राणी. बाहेर माणूस भाजून निघत असताना हे आत एसीत, पिंजऱ्यांत. त्यांचे कोट घालण्याइतकी थंडी इथे केव्हा पडते, हे कोणी विचारत नसे. शेठ त्याला ‘व्हिजन’ म्हणत.

या प्राण्याची अडचण अशी की त्याला माणसाचाही फ्लू होतो आणि पक्ष्यांचाही. दाटीवाटीच्या पिंजऱ्यांत तो विषाणू बदलून पुन्हा माणसाकडे येऊ शकतो. म्हणून नमुने आधी मेलेल्या आणि आजारी जनावरांचे घ्यायचे, आणि त्यांना हाताळणाऱ्या माणसांचे. शेठ मात्र मला पुढच्या रांगेतले, विंचरलेले, तजेलदार मिंक दाखवत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखे.

“मागे कोण खोकतंय?” मी एकदा विचारलं.

“एसीची सर्दी हो, डॉक्टरसाहेब.”

“मिंकला की माणसाला?”

“तुम्ही ना, फार विनोदी.”

खोकत होता तो पिंजरे साफ करणारा बिहारी कामगार. ताप आहे का, असं विचारल्यावर त्याने आधी शेठकडे पाहिलं आणि मग नाही म्हणाला. शेडमधली सगळी माणसं एकाच खोलीत झोपत. मी सगळ्यांची तपासणी मागितली. शेठ म्हणाले, “इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात.” या देशात या शब्दाचे दोन अर्थ होतात, ‘देवाच्या कृपेने होईल’ आणि ‘विसरा’, आणि हा दुसरा होता.

मी प्रयोगशाळेच्या मॅनेजरला कळवलं. वर कळवणं त्याच्या हातात. त्याने त्याऐवजी शेठना फोन केला आणि मला सांगितलं, “खलास. तुम्ही आता उंट बघा.” शेठ तेवढ्यावर थांबले नाहीत. डॉक्टरांना हल्ली सगळीकडे साथच दिसते, ताण असेल बिचाऱ्यांना, असं त्यांनी मंडळात पसरवलं. लिफ्टमध्ये एक वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, “आता बरं वाटतंय का त्यांना?”

मला राग पटकन येत नाही. आला की मात्र मी तो लोणच्यासारखा मुरवत ठेवतो.

त्याच आठवड्यात गणपती होते आणि प्रमुख पाहुणे शेठ. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. “पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या ना. तुमचं त्यांच्या फार्मवर जाणं-येणं आहे.” मला तिथून काढल्याचं बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी ताबडतोब होकार दिला.

आमच्या मंडळात स्टेजवरून एखाद्याच्या नावाने काही जाहीर झालं की ते मागे घेतलं जात नाही. एका गृहस्थांच्या नावाने चुकून महाप्रसाद पुकारला गेला, तर तोही त्यांनी निमूट घातला.

मी शेठच्या दूरदृष्टीचं मनसोक्त कौतुक केलं. शाल खांद्यावर आणि नारळ हातात आल्यावर म्हणालो, “शेठना आपल्या कामगारांची किती काळजी आहे पाहा. उद्या सकाळी ते फार्मवरच्या प्रत्येकाची तपासणी स्वखर्चाने करवताहेत. पहिला नमुना ते स्वतः देणार आहेत. फोटोला सगळ्यांनी यावं.”

टाळ्या. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी खालूनच नर्स पाठवायचं कबूल केलं. शेठ माइकपाशी आले. “डॉक्टरांनी माझं गुपितच फोडलं,” ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत मुलगी म्हणाली, “बाबा, यू टोटली मेड दॅट अप.”

“परिचय होता तो,” मी म्हणालो.

माणसाच्या नाकात काडी घालायचा परवाना मला नाही, याचं दुसऱ्या दिवशी सकाळी फार वाईट वाटलं. पण नर्सला सल्ला द्यायला परवाना लागत नाही. “सावकाश होऊ दे, सिस्टर,” मी म्हणालो. “शेठना फोटो नीट हवाय.” फोटो काढणारे कमिटीचे दोघे कोन बदलत राहिले. शेठ कालची शाल मुद्दाम पांघरून आले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कामगार रांगेत उभे होते, आणि हसू दाबायला त्यांना मास्कची सोय होती.

शेठचा नमुना स्वच्छ निघाला. देव एवढा न्यायी नसतो. खोकणाऱ्याच्या नमुन्यात मात्र पक्ष्यांचा फ्लू सापडला. मग सरकारी माणसं आली, मागच्या रांगेतल्या मिंकमध्येही तोच निघाला आणि शेडला कुलूप लागलं. तो कामगार इस्पितळात बरा झाला. खोलीतल्या आणखी कोणाला लागण झालेली नव्हती.

शेठ आता सगळीकडे सांगतात की तपासणीचा आग्रह मुळात त्यांचाच. मी त्यांना खोडून काढत नाही. दर गणपतीत मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो टाकतो, शाल, नाकात काडी आणि वाहते डोळे. खाली एकच शब्द लिहितो: ‘प्रेरणादायी’. शेठना उत्तरादाखल हात जोडावेच लागतात.