धुतलेल्या कॅनमधलं निलगिरीचं तेल

“मॅडम, हुंगा हे. याचा बाम तुमच्या पोराच्या छातीला चोळाल का?”

मालकांनी बाटली माझ्या टेबलावर आपटली. निलगिरीचा वास नाकात शिरतो आणि डोळ्यांपर्यंत गार करतो. हा तसाच शिरला, पण मागून कडवट भपकारा आला. कपाशीच्या हंगामात मोताळ्याला जाताना एसटीच्या खिडकीतून येतो, तोच. फवारणीचा.

“छे, मुळीच नाही,” मी म्हटलं.

“मग लॉट रिजेक्ट. आणि त्या बायका ब्लॅकलिस्ट. सॅम्पल चांगलं दाखवायचं अन् माल भलताच पाठवायचा!”

मी तेव्हा बाम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट होते. तेल मोताळा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं. निलगिरीचा पाला टाकीत भरून खालून वाफ सोडतात. वाफ पाल्यातलं तेल घेऊन नळीतून जाते, थंड झाली की तेल पाण्यावर तरंगतं. त्या वर्षी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानत नव्हती. म्हणून सात जणींनी घरच्यांशी भांडून ही भट्टी उभी केली होती. तेल खपलं नाही तर निलगिरी तोडून तिथेही कपाशीच लावायची, असं घरोघरी ठरलेलं.

सॅम्पल मीच पास केलं होतं. माझं नाक इतकं चुकेल? मला काही चैन पडेना. मालकांकडून एक दिवस मागून घेतला आणि त्या बायकांच्या गावी गेले.

गटाच्या अध्यक्ष शोभाताईंनी ऐकलं आणि पदरच खोचला. “आमी भेसळ करू? भट्टी आमी सोता घासतो, मॅडम. हात लावून पाहा!”

भट्टी लख्ख होती. नुकतंच उतरलेलं तेल हुंगलं. एक नंबर!

“पाठवलं कशात?” मी विचारलं.

“सॅम्पल काचेच्या बाटलीत. लॉट त्या कॅनमंदी.”

भिंतीशी पांढरे प्लास्टिकचे कॅन उन्हात पालथे घातले होते. लेबलं खरवडलेली, पण गोंदाचा चिकट पट्टा तसाच. कीटकनाशकाचे कॅन! मी कपाळावर हात मारला.

“अवं, सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतले! आठ दिवस उन्हात ठेवले. घ्या वास, येते का काही?”

खरंच येत नव्हता. मी त्यांच्यासमोर एका कॅनमध्ये ताजं तेल ओतून ठेवलं. मग रुमालावर थोडं तेल घेऊन गोंदावर फिरवलं. गोंद अलगद सुटून आला.

“आरे बापा! हे तर घासून घासून निंघत नव्हतं!”

“हे तेल नुसतं सर्दीचं नाही, ताई. डांबराचा डाग, ग्रीस, गोंद, सगळं काढतं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं विष पाण्यानं निघालं नाही, ते यानं ओढून घेतलं.”

जेवणानंतर कॅनमधलं तेल त्यांनीच हुंगलं. खाली बसल्या. “हे लेकराच्या छातीले लागलं असतं?” आणि लगेच म्हणाल्या, “आखा लॉट नासवून टाका. यातला एक थेंब इकत नाही आमी.” मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

मग त्यांनी ट्रंकेतून एक कागद आणला. “पण मॅडम, आमचं चुकलं काऊन? आमी तर चिठ्ठीबरहुकूम केलं.”

कागद आमच्या लॅबचा. ‘तेल स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे.’ खाली सही माझी. नवा कॅन घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, असा एक शब्द नाही. कपाशीच्या गावात घट्ट झाकणाचा कॅन घरोघरी कशाचा असतो, हे याच जिल्ह्यात वाढलेल्या मला सुचू नये? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काय निघालं?” दुसऱ्या दिवशी कंपनीत मालकांनी विचारलं.

“चूक माझी. ब्लॅकलिस्ट करायचं तर मला करा.”

मी पुढे केलेला तो कागद त्यांनी दोनदा वाचला. “तुम्हाला केलं तर हुंगणार कोण?” म्हणाले, आणि अ‍ॅल्युमिनियमचे नवे कॅन पाठवायला सांगितलं.

पुढचा लॉट पास झाला. त्यानंतरचेही. निलगिरी अजून उभी आहे.

मी मात्र तेव्हापासून एक शिकले. सूचना टाइप करण्याआधी, ती ज्यानं पाळायची त्याच्या अंगणात एकदा जाऊन यावं. कारण काही माणसं ती खरोखर पाळतात.