तिसऱ्या शिफ्टनंतरचा वर्ग

लग्नात आम्हाला लेमन सेट आले ते आलेच. मांडणीवर जागा उरली नाही. वापरावे तर फुटतील, कुणाला देऊन टाकावे तर ज्यांनी दिले तेच नेमके चहाला येतात. कॉलेजचे किस्से असेच साठतात. आमच्या वर्गाचे तर इतके साठलेत, की भाकरी थापताना एखादा आठवला की मी एकटीच हसते. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परातीत डोकावून विचारतात, "पिठात काय घावलं ग?"

आधी वर्ग कसला ते सांगते. बी. ए.चं शेवटचं वर्ष, चिंचवडचं सकाळचं कॉलेज. सकाळचं अशासाठी, की निम्मा वर्ग कंपन्यांमधल्या कामगारांचा. रात्रभर तिसरी शिफ्ट करायची आणि भोंगा झाला की हात धुऊन थेट बाकावर. माझं माहेर राजगुरुनगरचं. पहिली दोन वर्षं मामाकडे राहून केली, मधल्या मे महिन्यात लग्न झालं आणि मी भोसरीला आले. उरलेलं वर्ष सुनेला करू द्यायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. पन कालिजापायी घरातलं काय बी अडलं, की त्याच दिशी कालिज बंद."

मी मान हलवली. मला बोलायला वेळ लागतो, मान तेवढी लगेच हलते.

*

अर्थशास्त्राला देसाई सर. शेवटच्या दोन बाकांवर तिसऱ्या शिफ्टवाले बसत आणि बसल्या बसल्या झोपत. सर त्यांना कधीही उठवत नसत. एकदा पुढच्या एकाने तक्रार केली तर म्हणाले, "अरे, मी उत्पादन शिकवतो, ते करून आलेत. झोपू दे."

त्यांच्यात सर्जेराव नावाचा एक होता, बीडकडचा, भोसरीच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर. त्याची झोप सगळ्यांत गाढ. सर कितीही मोठ्याने शिकवोत, हा हलायचा नाही. पण सर फळ्यावर आकृती काढायला वळले आणि बोलणं थांबलं, की हा खाडकन उठून उभा. दर वेळी असंच.

शेवटी सरांनी विचारलंच, "सर्जेराव, मी बोलतो तेव्हा झोपतोस आणि गप्प बसलो की उठतोस. असं का रे?"

सर्जेराव ओशाळून म्हणाला, "सवय हाय सर. आवाज चालूय तवर काळजी नसती. बंद पडला की सुपरवायझर येतो."

त्या दिवसापासून सर आकृती काढतानासुद्धा काहीतरी बोलत राहायचे. बहुतेक वेळा पाढे म्हणायचे.

*

समाजशास्त्राच्या तासाला महाजन मॅडमनी 'एकत्र कुटुंब' चर्चेला घेतलं. घरातले निर्णय कोण घेतं? एकजण म्हणाला, कर्ता पुरुष. दुसरा म्हणाला, कमावता पुरुष. तिसऱ्याने पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी म्हणून दाखवली. मग सगळा वर्ग माझ्याकडे वळला. वर्गात लग्न झालेली मी एकटीच. बाकीच्यांसाठी तो धडा होता, मी त्या धड्यात राहायला गेले होते.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण घेतं हो निर्णय?"

मी उभी राहिले. विचार केला. म्हटलं, "आमच्याकडे सगळे निर्णय मामंजी घेतात."

मुलं खूश झाली.

"कोणता घ्यायचा, ते आत्याबाई सांगतात."

मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "या लेखकाने याला चार पानं लावलीत."

*

आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण आपण परवानगी दिलेल्या गोष्टीचं पुढे काय चाललंय हे त्यांना कळायला लागतं. दुपारी निवडायला बसलो की प्रश्न ठरलेला: "आज काय शिकीवलं?"

एकदा मी त्यांना घटत्या उपयोगितेचा नियम सांगितला. म्हटलं, "समजा माणूस भुकेला आहे. पहिली भाकरी त्याला अमृतासारखी लागते. दुसरी जरा कमी. तिसरी अजून कमी. चौथी तर नकोशी वाटते."

आत्याबाई तांदळातला खडा काढत म्हणाल्या, "आन् ह्ये शिकाया तू सकाळच्या पारी बसनं जातीस व्हय?"

मी पुढची मूठ ताटात ओढली.

"आपल्या दत्तूला बसीव पानावर. पाचवी भाकर बी पयल्यावानीच खातो त्यो."

दत्तू म्हणजे माझा धाकटा दीर. तालमीत जातो. दुसऱ्या दिवशी मी ही हरकत भीत भीत सरांना सांगितली. सर जराही हसले नाहीत. फळ्याकडे गेले, नियमाखाली 'अपवाद' असं लिहिलं आणि पुढे लिहिलं: भोसरीचे दीर.

सहामाहीच्या पेपरात आठ-दहा जणांनी तो अपवाद लिहिला. सरांनी मार्कही दिले.

*

बाहेरच्या माणसाला एक ठाऊक नसतं. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचं काहीतरी गणित आहे त्यामागे. त्यामुळे पाहुणे येणार गुरुवारी, मुलगी बघायला जाणार गुरुवारी, मटण शिजणार गुरुवारी. कॉलेज मात्र रविवारी बंद. माझे तास सर्वांत जास्त बुडायचे ते गुरुवारचे, कारण त्या दिवशी घर भरलेलं असायचं आणि भरल्या घरात काही अडायला वेळ लागत नाही.

फडके सर पुण्यातून नवीन आले होते. त्यांनी राज्यशास्त्राची चाचणी ठेवली, गुरुवारी. चाचणी चुकू नये म्हणून मी पहाटेच स्वयंपाक उरकून गेले. वर्गात बघते तर आम्ही चार मुली आणि सर. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, रस्ता शांत. घाबरलेच जरा.

"संप आहे का कुठे?"

माझ्या शेजारची विमल म्हणाली, "नाही सर. रविवार आहे."

सरांच्या घड्याळात वार दिसायचा. ते खरोखरच घड्याळ बघायला लागले.

माणूस भला. रागावले नाहीत, चाचणी पुढे ढकलली. पुढच्या तासाला वर्ग भरलेला बघून आधी हजेरी घेतली आणि मग विचारलं, "मंडळी, तुमच्याकडे मंगळवार कधी असतो?"

*

विमलबद्दल वेगळं सांगायला हवं. विमल गायकवाड, पिंपरीची, वडील कंपनीत फिटर. लग्नानंतर हजेरीपटावर माझं नाव बदललं, तर पहिले पंधरा दिवस सर नवीन नाव पुकारायचे आणि मीसुद्धा इकडेतिकडे बघायची, कोण ही बाई उठत का नाही म्हणून. तेव्हा विमलचं कोपर बरगडीत बसायचं. मग मी "हजर" म्हणायची. खरं तर हजर तिचं कोपरच होतं.

गुरुवारचेच नव्हे, माझे बुडालेले सगळे तास तिने भरून काढले. वहीत कार्बन घालून लिहायची आणि एक प्रत मला द्यायची. एकदा मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "राहू दे बाई. एकटीने जागं राहायला कंटाळा येतो. तुझ्यासाठी लिहायचंय म्हटलं की डोळे उघडे राहतात."

फक्त एक होतं. वर्गात जे जे घडेल ते सगळं ती लिहायची. त्यामुळे मी चुलीपुढे बसून अभ्यास करायची तो असा: "पुरवठा कायम असताना मागणी वाढली की किंमत वाढते (सर्जेराव उठला, परत झोपला). परंतु पर्यायी वस्तू उपलब्ध असल्यास (सर नऊचा पाढा म्हणत आहेत) वाढ मर्यादित राहते."

आता नऊचा पाढा म्हणायला घेतला की मला पर्यायी वस्तू आठवतात. त्या परीक्षेत मला जे काही आलं ते विमलच्या कंसांमुळे आलं, हे मी कुठेही सांगेन.

*

परीक्षेचं वेळापत्रक लागलं. अर्थशास्त्राचा शेवटचा पेपर आणि गावची जत्रा एकाच दिवशी.

आमच्याकडची रीत अशी, की नव्या सुनेच्या पहिल्या जत्रेला देवाचा नैवेद्य तिनेच न्यायचा. तो दाखवून ती परत येईपर्यंत घरात पंगत बसत नाही. आणि पंगत म्हणजे सगळी भावकी, सोयरे, झालंच तर ह्यांच्या कंपनीतली माणसं. घरातलं काही अडायचं असेल तर याहून मोठं काय अडणार?

ह्यांनीच आईच्या कानावर घातलं. आत्याबाई काहीच म्हणाल्या नाहीत. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं.

जत्रेच्या दिवशी पहाटे मी पुरण वाटायला बसले. उजाडलं, माणसं यायला लागली. पेपर अकराला. नऊ वाजले तरी माझे हात पुरणातच. मी मनातल्या मनात पेपर सोडून दिला होता. तेवढ्यात आत्याबाई आल्या, माझ्या पुढचा पाटा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "हात धू. जा."

"आणि नैवेद्य?"

"जा म्हन्ते ना."

ह्यांनी मित्राची फटफटी आणून ठेवली होती. वाटेत मला वाटलं, चुलत जाऊबाई नेतील नैवेद्य. किंवा आत्याबाई स्वतः. पेपर दोनला सुटला. जत्रेच्या गर्दीतून वाट काढत घरी पोचायला तीन वाजले.

मांडवात पत्रावळी मांडलेल्या, पुढे माणसं बसलेली, आणि पत्रावळी कोऱ्या. सकाळपासून कुणी घास खाल्ला नव्हता. दत्तू खांबाला टेकून डोळे मिटून बसलेला. मी दारातच थिजले.

एक चुलत सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आली एकदाची. वहिनी सकाळधरनं आमाला येकच सांगत्यात. नव्या सुनंबिगर निवद न्हाई, निवदाबिगर पंगत न्हाई, आन् सून गेलीया पेपराला. द्येवाला बी थांबीवलाय, तुमी कोन लागून गेलाव?"

मांडवात हसू फुटलं. मी पदर डोक्यावर घेतला. आत्याबाईंनी झाकलेलं ताट आणून माझ्या हातात ठेवलं, त्यावरचा रुमाल नीट केला.

ह्यांना वाटलं, आईची समजूत काढावी. म्हणाले, "झालं आई आता. हेच शेवटचं वर्ष होतं. पुढच्या जत्रेला पेपर नाही."

आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"का? फुडं इयत्ता न्हाईत व्हय?"