बत्तीस कानटोप्या आणि नियम चौथा

सन दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर, ऋतू हेमंत. मोघम बोलण्याची मला सवय नाही, म्हणून आरंभीच नोंदवते. फजिती माझीच सांगायची आहे. तेव्हा तपशिलात तरी कसूर नको.

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीने आणि शेजारच्या विचुंबे गावाने मिळून एक बेत ठरवला. जानेवारीतल्या एका रविवारी, गावाबाहेरच्या माळावर, शिवकालातल्या एखाद्या गडावरची पहाट जशीच्या तशी उभी करायची. तसेच कपडे, तशीच भांडी, तसेच वागणे. कल्पना माझ्या पुतण्याच्या मुलीची, रेणुकाची. ती पुण्याला इतिहास शिकते. तिने मला किल्लेदाराच्या आईचे काम दिले. वाक्य एकच: "दरवाजा उघडा! माझी माणसे बाहेर गारठली आहेत!"

एकच असले म्हणून काय झाले? शाळेत असताना प्रत्येक नाटकात मी पडद्याआड, हातात वही घेऊन इतरांना वाक्ये सांगायला उभी. ब्याऐंशी वर्षांत प्रथमच मला कोणी पुढे बोलावले होते! महिनाभर मी ते वाक्य पोळ्या लाटताना म्हणत होते.

वेशभूषेची तपासणीही माझ्याकडेच आली. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक. नियम लिहून काढल्यावाचून मला चैन पडत नाही. त्यातला चौथा असा: "त्या काळी नसलेली वस्तू जो घेऊन येईल, त्यास दरवाजाच्या आत प्रवेश नाही. त्याने बाहेर बसून सर्वांचे मोबाइल सांभाळावेत." सुवाच्य अक्षरात फलकावर लावला.

अडचण थंडीची होती. भल्या पहाटे उघडा माळ, वर गाढी नदीवरून येणारा वारा! आणि स्वेटर, मफलर, जॅकिटे मी सरसकट बाद केलेली.

"मग काय कुडकुडत मरायचं का, मावशी?" आमचे सचिव नाईक म्हणाले. ते पहारेकरी होणार होते आणि त्यांना बारमाही खोकला.

"मी व्यवस्था करते," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आल्या. या विचुंब्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. राहतात स्वतःच्या तीन मजली घरात, पण गोधडी अजून हातानेच शिवतात. त्यांनी माझ्यापुढे गाठोडे सोडले.

"बाय, ह्या बंड्या बघा. जुनी लुगडी फाडून शिवल्यात. आत चार पदर हायत. आमची आजी आशीच घालायची."

मी चष्मा लावून एक बंडी उलटसुलट पाहिली. "हिराबाई, धावदोरा वाकडा आहे."

"दोरा वाकडा आसंल, पन ऊब तर सरळ हाय ना?"

"त्या काळची माणसे काटेकोर होती."

"तुमी व्हतात काय बघायला?"

मी गाठोडे परत पाठवले. हो, पाठवले! कारण माझ्या मनात दुसरेच शिजत होते. शाळेत विणकामात पहिले बक्षीस कोणाला मिळाले होते? मला! मी शुद्ध लोकर आणवली, रंग मेंढीचाच, काळा-करडा. सोसायटीतल्या सहा बायकांना दुपारी बसवले. दोन सुया, दोन सुलट, दोन उलट. एकीचा टाका सुटला की मी सगळे उसवायला लावत असे. महिनाभरात बत्तीस कानटोप्या आणि बत्तीस गळपट्टे तयार झाले. एकही टाका वाकडा नाही.

रेणुकाचा पुण्याहून फोन आला. "आजी, उबेचं काय केलंत?"

"शुद्ध लोकर, रंग मेंढीचा, सगळे हातचे."

"अय्या, घोंगड्या मिळवल्यात? ग्रेट आहात तुम्ही!"

घोंगड्या नव्हेत, हे मी तिला सांगितले का? नाही. म्हटले, प्रत्यक्ष पाहूनच थक्क होऊ दे.

आणि ती झाली! त्या पहाटे बांबूच्या दरवाजापाशी बत्तीस मावळे माझ्या कानटोप्या घालून रांगेत उभे. रेणुका नुसती बघतच राहिली.

"आजी... हे दोन सुयांवरचं आहे?"

"अर्थात!"

"आजी, हे विणकाम आपल्याकडे इंग्रजांबरोबर आलं. मिशनच्या मडमांनी शाळांतून शिकवलं. शिवकालात सुया कुठल्या?"

रांगेत कोणी हसले नाही. नाईक तेवढे खोकले. तो खोकला कसला, ते मला समजले.

"जाऊ द्या ना आजी, टोप्या काढून ठेवू आपण. तुम्ही चला आत," रेणुका म्हणाली.

जाऊ द्या? नियम मी लिहिलेला. खाली सहीसुद्धा माझी. मी खुर्ची मागवली आणि दरवाजाबाहेर बसले. मांडीवर टोपलीभर मोबाइल, पायाशी बत्तीस कानटोप्या.

"मग हे सगळे आता गारठणार," मी म्हटले.

"नाय गारठत," हिराबाई पुढे झाल्या. ते गाठोडे त्यांच्या काखेतच होते. "मी आनल्यात बंड्या. थंडीला टाके मोजता येत नाय, बाय."

बंड्या वाटल्या गेल्या. किल्लेदाराच्या आईचे कामही त्यांनाच मिळाले. दुसऱ्या कोणाला ते वाक्य येत होते? तालमींत माझ्याकडून इतक्या वेळा ऐकून त्यांना पाठ झाले होते.

प्रेक्षक आत बसले. गस्तीचे मावळे आत शिरण्यासाठी माझ्या पुढ्यात उभे राहिले. वारा असा सुटला की माझे दात वाजू लागले. बाहेर मला बघणार कोण? मी एक कानटोपी घातली. भागेना, म्हणून तिच्यावर दुसरी घातली.

तेवढ्यात आतून हिराबाईंचा खणखणीत आवाज आला, "दरवाजा उगडा रं! माजी मानसं भायेर गारठल्यात!"

दरवाजा सताड उघडला. मावळे धावत आत गेले. आणि मागे, सगळ्या प्रेक्षकांसमोर, उगवत्या उन्हात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन कानटोप्या घालून मी! मांडीवरचा एक मोबाइल वाजतही होता.

त्या रविवारी टाळ्या कोणाला सर्वांत जास्त पडल्या, या प्रश्नाचा निकाल तिथल्या तिथे लागला. मला. आणि तेही एक शब्द न बोलता.