गोलकीपरपायी पडलेला दात

चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून आम्ही आखातात नोकरीला आलेले वसईकर हमरिया भागातल्या आमच्या खोलीवर बिर्याणीला बसलो होतो. गावाकडे आमच्या जुन्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवा कोच हवा होता. निवडणार कॉलेज, पण डोकी तापलेली आमची! मी आमच्या वेळच्या गोलकीपरचं नाव घेतलं.

"तो बेवडा?" रूममेट हसला.

मी त्याच्या थोबाडावर ठोसा हाणला. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. बिर्याणी जमिनीवर सांडली आणि तिच्यात त्याचा दात पडला. बाकीच्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

तेवढ्यात गोलकीपरचाच व्हॉइस मेसेज आला. मी ऐटीत सगळ्यांना ऐकवला. "कोचबिच कोणाला व्हायचंय रे? मला तिकडेच बोलव. तुमच्या खोलीत एखादी खाट रिकामी आहे का?"

रूममेट रक्त थुंकून म्हणाला, "सांग त्याला, माझी झाली."