कापलेली पट्टी
तमिळ आडी महिन्यातला पहिला शुक्रवार, चार गोळ्या, बावीस रुपये. घरात आई आणि मी. गोळ्यांच्या पट्टीची चांदी कुरकुरली की आजही तो दिवस आठवतो. आईने रक्त पातळ करणारी गोळी गिळली आणि उरलेल्या तिन्हींच्या मागे मी नाव शोधू लागलो, तर छापलेली बाजू दुकानातच कापली गेली होती. ही गोळी एक मिलिग्रॅमची मिळते आणि चारचीही, दोन्ही पांढऱ्या. आईला एकची होती. आदल्या वर्षी डोस जास्त झाला तेव्हा तिच्या नाकातले रक्त तासभर थांबले नव्हते. "गिळलं ते गिळलं, आता काय वाचतोस त्यात?" आई म्हणाली. मी मोपेड काढून राजवाड्याजवळचे दुकान गाठले. "सार, तुम्ही तर बिलावरचा शिक्काही दोनदा वाचता!" केमिस्टबाई तमिळमध्ये म्हणाल्या आणि हसल्या. आईने एक घेतली आहे, असे सांगताच त्यांचे हसू गेले. त्यांनी खणातून अर्धवट कापलेल्या तीन पट्ट्या काढल्या. माझा तुकडा पहिलीला लावला, कड जुळेना. दुसरी चार मिलिग्रॅमची. तिची कड अर्ध्यापर्यंत जुळली आणि त्यांचा हात थांबला; पुढे मात्र फट राहिली. तिसरी टोकापासून टोकापर्यंत बसली. तिच्यावर एक मिलिग्रॅम छापले होते. बाई स्टुलावर बसल्या आणि घोटभर पाणी प्यायल्या. आता चार गोळ्या लागल्या तरी मी अख्खी पट्टी घेतो. त्या दिवशीही उरलेल्या सहा घेतल्या आणि बाई नको म्हणत असताना तेहतीस रुपये त्यांच्या हातात दिले.