पाऊण फेरा सैल

धाकटी आता पोट धरून हसत कबूल करते, पण त्या दिवशी ती चांगलीच घाबरली होती. ताईच्या घरात पाऊल टाकते तर काय, भाऊजी न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसलेले. मांडीवर टॉवेल, टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं, आणि जुन्या टूथब्रशने ते त्याला अलगद घासताहेत. वर लाडाने पुटपुटणं, "हां हां, झालंच हं, एवढं पोटाखालचं राहिलंय." संपलं, धाकटीला वाटलं, माणूस गेला कामातून! तिने ताईला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि एका डॉक्टरांचं नावसुद्धा सुचवून टाकलं.

"अगं वेडे, ट्रक साफ करताहेत," ताई म्हणाली.

ट्रकच होता तो. हातभर लांब, वांग्याच्या रंगाचा, बॅटरीवर चालणारा, रिमोटवाला. खेळणं म्हणाल तर भाऊजी बोलणं टाकतील. दोन बॅटऱ्या जोडल्या की असा सुटतो की रस्त्यावरची कुत्री भुंकायचं विसरतात.

भाऊजींनी अडतीस वर्षं मालाचे ट्रक चालवले, खऱ्या चाकांचे. मग एका डोळ्याने दगा दिला आणि लायसन्स पुढे वाढवून मिळेना. त्यानंतर चार महिने माणूस खिडकीत बसून. खालून गाडी गेली की, "गिअर उशिरा टाकला गाढवाने." पुढची गेली की, "ह्याचा क्लच जळतोय, वास आला बघ." तिसऱ्या मजल्यावर वास! चौथ्या महिन्यात तर शिव्या देणंही बंद झालं आणि तेव्हा मात्र ताई घाबरली. नवरा ओरडत असला की त्रास होतो, पण गप्प बसला की काळजी वाटते, हे बायकांना काही कोणी शिकवावं लागत नाही. तर एक दिवस हा ट्रक आला, आणि ओरडणं सुरू झालं. ताईने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. तोंडाने अर्थातच ती म्हणाली, "ही थेरं ह्या वयात?"

आता गंमत अशी, की हा ट्रक आठ दिवस धावायचा आणि नवव्या दिवशी मैदानात फतकल मारून बसायचा. मोटर गरगरतेय, चाकं ढिम्म. भाऊजी उलटा करून उघडायचे, तर मागच्या डिफरन्शियलचे दात गेलेले. डिफरन्शियल म्हणजे चाकांच्या मधला तो डबा, मोटरचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा. त्यातलं क्राउनचं मोठं चाक पार बोळकं होऊन बसायचं.

पहिल्या वेळी भाऊजी म्हणाले, "माल भिकार आहे."

दुसऱ्या वेळी कडक पोलादाचे दात मागवले. ते गेले तेव्हा म्हणाले, "तेल पातळ पडलं." मग मधासारखं घट्ट तेल भरलं.

तिसऱ्या वेळी दात वाचले, पण चाकाकडे जाणारा दांडाच पिळवटला, पिळलेल्या फडक्यासारखा. त्यांनी नवा दांडा बसवला. ट्रकला फडक्यात गुंडाळत ते एवढंच म्हणाले, "आता शेवटचा प्रयत्न. ह्या रविवारी परत तुटला तर देऊन टाकतो कुणाला तरी. मला नाही जमत हे."

आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

धाकटीने हे पाहिलं मात्र, तिला चैन पडेना. स्टुलावरचा वेडा परवडला, हा खिडकीतला शहाणा नको. ती ताईला म्हणाली, "तू बघ ना एकदा उघडून."

ताई शिलाई मशीन दुरुस्त करते. पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. पण नवऱ्याच्या गाडीला हात लावायची तिची काय बिशाद! अडतीस वर्षांचा ड्रायव्हर, तो काय शिंपीणबाईंच्या मेकॅनिककडून शिकणार?

"ते लावू देतील मला हात?"

"विचारूच नको. मी त्यांना खाली धाडते."

धाकटीने भाऊजींना पिठाच्या गिरणीवर पिटाळलं. ताईने चष्मा चढवला, वरचे चार स्क्रू काढले आणि ट्रकच्या पोटात डोकावली. डिफरन्शियलकडे तिने पाहिलंही नाही. मोटरच्या शेजारी दोन चकत्या, त्यांना दाबणारी एक स्प्रिंग आणि त्यावर एक नट होता. तिची नजर तिथेच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आपलं टेन्शन."

"कसलं टेन्शन?"

"मशीनवर दोरा जातो ना दोन चकत्यांमधून? स्प्रिंग, नट, सगळं हेच. नट आवळला की दोरा ओढून धरला जातो. बायका येतात माझ्याकडे, म्हणतात दोरा सारखा तुटतो. चांगला दोरा आणला, जाड दोरा आणला, तरी तुटतो. नटाकडे कोणी बघत नाही." तिने नटाला बोट लावलं. "आणि हा बघ, मढ्याच्या मुठीसारखा आवळलाय."

तेवढ्यात भाऊजी दारात. गिरणी बंद होती.

"माझ्या गाडीला हात कोणी लावला?"

"अहो, हे काय आहे?"

"स्लिपर क्लच. का?"

"आणि हा एवढा का आवळलाय?"

भाऊजींची मान ताठ झाली. "घसरत होता तो. जोरात सोडला की किर्रर्र आवाज. अडतीस वर्षांत माझा क्लच कधी घसरला नाही. मालक म्हणायचे, क्लच राखावा तर ह्यानेच."

"अहो, तो घसरण्यासाठीच बसवलाय! नावातच आहे की तुमच्या. गाडी उडी मारून आपटली की जोराचा धक्का ह्याने घसरून खायचा. तुम्ही त्याला घसरूच दिलं नाही, मग तो धक्का कुणी खाल्ला? दातांनी!"

धाकटीने हसू दाबायला खिशातला नसलेला रुमाल शोधला.

"घट्ट आवळणं ही तुमची खोडच आहे," ताईला आता जोर चढला. "नळ आवळता, वॉशर जातो. बरणीचं झाकण आवळता, ते शेजारणीच्या दाराच्या फटीत घालून उघडावं लागतं."

"झाकणाचा इथे काय संबंध?"

"संबंध हाताचा आहे."

ताईने नट पूर्ण आवळून मग पाऊण फेरा सैल केला. मग डिफरन्शियलचा डबा उघडला, तर क्राउन किंचित डुगडुगत होतं, त्याच्यामागे आपल्या डब्यातला एक पातळ वॉशर सरकवला. कागदाचा कपटा दातांमधून फिरवला, तो न फाटता नक्षी घेऊन बाहेर आला, म्हणजे दातांमधली फट नेमकी बसली. "आता जा," ती म्हणाली. "आणि हवेत असताना रिमोटवरचं बोट सोडत जा. खाली जमीन येते, कळतं ना?"

रविवारी सकाळी सहालाच भाऊजी मैदानावर. शनिवारी ताईकडेच मुक्कामाला राहिलेली धाकटी आठला पोचली, म्हणे फिरायला. विटांवर टेकवलेल्या फळीवरून ट्रक उडाला, आपटला आणि ओरडला, किर्रर्र! भाऊजींनी असा चेहरा केला जणू कुणी त्यांच्या देखत त्यांचा पगार जाळतोय. पण ट्रक धावला. परत उडाला, परत किर्रर्र, परत धावला. दहा वाजले, बॅटऱ्यांचे तीन जोड संपले, तरी एकही दात पडला नाही. येताना भाऊजी रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला शिव्या देत आले. धाकटीला ते भजनासारखं गोड वाटलं.

घरी ताई दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. "तुटला?"

"नाही," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले. "ठीक होतं तुझं ते टेन्शन."

अडतीस वर्षांच्या ड्रायव्हरकडून एवढं म्हणजे प्रशस्तिपत्रकच. ताई फुलली, चहा टाकायला आत वळली, साखरेची बरणी घेतली आणि जागीच अडकली. फिरवते, फडकं लावते, गुडघ्यात धरते, झाकण काही हलेना.

"बघ," ती कडाडली, "बघ धाकटे! म्हणजे सांगून काही फरक पडलाय का ह्यांना? परत आवळली!"

भाऊजींनी ट्रक टेबलावर ठेवला. आरामात खुर्ची ओढली.

"मी घरातून किती वाजता निघालो?"

"सहाला. त्याचं काय?"

"चहा न घेता. बरोबर?"

"मग?"

"काल रात्रीपासून ह्या घरात साखर कुणी काढली? मेव्हणीबाई, तुम्ही?"

"मी बिनसाखरेचा पिते, भाऊजी," धाकटी म्हणाली, आणि ताईच्या नजरेने जळून खाक होता होता वाचली.

"म्हणजे सकाळचा चहा जिने केला, झाकण तिनेच लावलं."

ताईने बरणीकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"आण इकडे," भाऊजींनी हात पुढे केला. झाकण उघडलं, बरणी तिच्यापुढे ठेवली आणि झाकण परत लावताना दोन बोटांनी दाखवत म्हणाले, "हे असं. पाऊण फेरा सैल."